समितीची यादी आधी तपास

एचआरला नवीन आहेस आणि हातात पहिलीच ‘पॉश’ची, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची, फाइल आली, म्हणून सांगते. दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या या कायद्यानुसार अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच. कंत्राटी आणि शिकाऊ मुलंही मोजायची. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक जण बाहेरचा, या विषयाची जाण असलेला. तिथे साहेबांचा मित्र बसवू नकोस. तसं सुचवलं जाईलच.

माझ्या पहिल्या कंपनीत समितीची यादी नोटीस बोर्डावर होती, पण कॅलेंडरच्या मागे. त्यातल्या दोघी केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या. पॅकिंगमधल्या मुलीने शेवटी चिठ्ठी सुपरवायझरला दिली आणि ती त्याच्या खिशातच राहिली. आजच बोर्डासमोर उभी राहा, एकेक नाव वाच, फोन लागतो का बघ.

तक्रारीला मुदत तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचंच काम. चौकशी ९० दिवसांत, अहवालावर कारवाई ६० दिवसांत. मधल्या काळात ती बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते, तीही हक्काच्या रजेशिवाय वेगळी. तिने न मागता तिलाच दुसऱ्या शिफ्टला टाकतात, ते होऊ देऊ नकोस. समेट तिने म्हटलं तरच, आणि पैसे देऊन मुळीच नाही.

मालक कुरकुरले तर ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडाचं कलम दाखव.