वाफेचा रेडिएटर, चार व्हॉल्व्ह आणि १४,००० डॉलरचं कर्ज

प्रश्न: आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहतो. दोन वर्षांपूर्वी १९२०च्या दशकातल्या एका को-ऑप (रहिवासी शेअरधारक असलेल्या सहकारी) इमारतीत दोन बेडरूमचं घर घेतलं. इमारतीत ७२ घरं, तळघरात एक बॉयलर, प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप. हिवाळ्यात आतली बेडरूम ८४ फॅरनहाइटपर्यंत तापते, आम्ही खिडकी उघडून झोपतो. कोपऱ्यातली मुलीची खोली मात्र भर दुपारीही ६३-६४च्या वर जात नाही, तिथे १,५०० वॉटचा इलेक्ट्रिक हीटर लावावा लागतो. एका कंत्राटदाराने चारही रेडिएटरना थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवायचे २,८०० डॉलर सांगितलेत. दुसरा म्हणतो, मिनी-स्प्लिट हीट पंप (स्प्लिट एसीसारखं, गरमही करणारं विजेचं यंत्र) घ्या, १४,००० डॉलर. त्यासाठी बँक ११ टक्क्यांनी ५ वर्षांचं वैयक्तिक कर्ज द्यायला तयार आहे. महिन्याचा खर्च ५,२०० डॉलर, बचत खात्यात ९,०००. नोकरी एकाचीच, एच-१बी व्हिसावर. काय करावं?

उत्तर: मिनी-स्प्लिट आत्ता नको, कर्ज तर नकोच. चार व्हॉल्व्हही नकोत. एक व्हॉल्व्ह लागेल कदाचित, पण तो यादीत शेवटी येतो. पहिलं काम कोपऱ्यातल्या खोलीचं, कारण तुमच्या खिशातून पैसे तिथेच जात आहेत.

को-ऑपमध्ये वाफेचा खर्च मासिक मेंटेनन्समध्ये धरलेला असतो. तुम्ही आतल्या खोलीची उष्णता आवरून इमारतीचं वर्षाला २१६ डॉलरचं इंधन वाचवलंत असं धरू. ते ७२ घरांत वाटलं की तुमच्या वाट्याला साधारण ३ डॉलर येतात. तेवढं इंधन वाचेल याचीही खात्री नाही. अशा इमारतींत बॉयलर बहुधा बाहेरच्या तापमानावर चालणाऱ्या कंट्रोलरच्या वेळापत्रकाने पेटतो, आणि तुमच्या एका खोलीने वाफ घेतली नाही हे त्याला कळत नाही. त्यामुळे २,८०० डॉलर 'काही वर्षांत वसूल होतील' असं कंत्राटदार म्हणाला असेल, तर तो स्वतंत्र घराचा हिशोब तुमच्या फ्लॅटला लावतो आहे. इथे व्हॉल्व्ह घ्यायचा तो रात्री नीट झोप लागावी म्हणून. ते कारणही रास्त आहे, पण मग झोपेसाठी किती मोजायचे तेवढंच ठरवायचं.

कोपऱ्यातल्या हीटरचं बिल मात्र सगळं तुमचं. दीड किलोवॉट, रोज ६ तास, हिवाळ्याचे १२० दिवस म्हणजे १,०८० युनिट. पुरवठा आणि वितरण मिळून युनिटला ३० सेंट धरले तर ३२४ डॉलर. हीटर मध्येमध्ये आपोआप बंद होत असेल तर थोडे कमी. तुमचा खरा दर बिलावर बघून घ्या. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह उष्णता अडवतो, आणत नाही. म्हणजे या थंड खोलीत तो बसवून मिळणार शून्य, आणि चारच्या कोटेशनमध्ये या खोलीचे ७०० डॉलर धरलेले आहेत! इतकं एक कारणसुद्धा ते कोटेशन परत पाठवायला पुरेसं आहे.

थंड खोलीचं निदान फुकटात होतं. बॉयलर पेटून बराच वेळ झाला की रेडिएटरला हात जपून जवळ न्या. वाफेचा रेडिएटर २१२ फॅरनहाइटच्या आसपास असतो, टेकवू नका. पाइपच गार असेल तर खालचा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा राइझरमध्ये (तळघरातून वर येणाऱ्या उभ्या पाइपात) दोष आहे. दुसरी शक्यता असेल तर काम इमारतीचं. पाइपाकडचे दोन-तीन खण गरम आणि पुढचे गार असतील, तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि वाफेला जागा मिळत नाही. दोष एअर व्हेंटचा, म्हणजे पाइपाच्या विरुद्ध टोकाला साधारण मध्यावर असलेल्या त्या बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या तुकड्याचा. आणि सगळे खण नीट गरम असूनही खोली ६३वरच असेल, तर रेडिएटर अपुरा आहे किंवा खिडकीच्या फटींतून वारा येतो. तिथे व्हेंट बदलून काही होणार नाही. फटींना वेदर-स्ट्रिप लावा. रेडिएटरवर लाकडी कव्हर असेल तर या खोलीतलं काढून टाका. ते आतल्या खोलीच्या रेडिएटरवर बसत असेल तर तिथे ठेवा. दोन्ही खोल्यांचं थोडं थोडं भलं होईल.

व्हेंटची किंमत साधारण २० ते ४० डॉलर. ते हवा सोडण्याच्या वेगानुसार मिळतात. गॉर्टन कंपनीचा ४ नंबर सावकाश, मग ५, ६, सी, डी असे चढत्या वेगाचे. हॉफमन कंपनीच्या १ए वर वेग फिरवून ठरवता येतो. थंड खोलीला ६ किंवा सी, तापणाऱ्या खोलीला ४, अशी सुरुवात करा. सर्वांत वेगवान व्हेंट घेऊन मोकळं होऊ नका. हवा फार जोरात सुटली की वाफ परतणारं पाणीही ओढून आणते आणि व्हेंटमधून शिंतोडे उडतात. बदलणं सोपं आहे. बॉयलर बंद आणि रेडिएटर पूर्ण गार असताना जुना व्हेंट उलटा फिरवून काढायचा, एक अष्टमांश इंची आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची, नवा हाताने घट्ट करून वर थोडाच पिळायचा आणि तो सरळ उभा राहील असं बघायचं. शंभर वर्षांचं बीड (ओतीव लोखंड) आहे. पान्याने जोर लावला तर आटे जातात, आणि मग ३० डॉलरचं काम ५००चं होतं.

व्हेंट घेण्याआधी स्पिरिट लेव्हल रेडिएटरवर ठेवून उतार बघा. एकपाइपी रेडिएटरमध्ये वाफ ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने तिचं पाणी परत येतं, म्हणून उतार पाइपाकडे हवा. लाकडी जमीन खचून तो उलटा झालेला सर्रास दिसतो. व्हेंटच्या बाजूच्या पायांखाली पाव इंची पट्ट्या सरकवल्या की बहुतेक वेळा काम भागतं. राइझरवर पांढरं जुनं वेष्टन असेल तर त्याला हात लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

याच एकाच वाटेमुळे खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा तरी हवा किंवा पूर्ण बंद तरी. 'थोडासा उघडा ठेवला की उष्णता बेताची' हा हिशोब घरातल्या नळाला चालतो, इथे नाही. अर्धवट उघड्या फटीतून वाफ वर येत राहते, पाण्याला खाली जाता येत नाही, ते साचतं आणि वाफ त्याला पाइपाच्या वळणावर आदळते. रात्री दोन वाजता ऐकू येणारे ठोके बरेचदा तेच असतात. तापणाऱ्या खोलीत तो पूर्ण बंद करून बघायला हरकत नाही, पण रेडिएटर गार असताना बंद करा आणि बॉयलर पुढच्या फेरीला पेटला की लक्ष ठेवा. बंद असूनही रेडिएटर तापला, तर आतली चकती झिजली आहे. वाफ झिरपत राहील आणि पाणी साचत जाईल. तसं दिसलं तर पुन्हा पूर्ण उघडा आणि सुपरला (इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला) सांगा.

एवढं करूनही आतली खोली ७६च्या वर राहत असेल, तर एक थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह घ्या, फक्त त्या खोलीला. कोटेशनवर तो नेमका कुठे बसणार ते वाचा. एकपाइपी व्यवस्थेत तो रेडिएटर आणि एअर व्हेंट यांच्या मध्ये बसतो. खोली गरम झाली की तो हवेची वाट अडवतो, आतली हवा अडकते, वाफेला शिरता येत नाही. तो 'इनलेट'ला (वाफ आत येते त्या टोकाला) बसवतो असं लिहिलं असेल तर कंत्राटदार दोनपाइपी काम तुमच्या गळ्यात मारतो आहे. वर सांगितलेला अर्धवट उघड्या व्हॉल्व्हचा सगळा त्रास मग कायमचा. जागा बरोबर असेल, तर पाइपाला आणि बॉयलरला हात न लावता हे तासाभराच्या आतलं काम आहे, आणि एका रेडिएटरला ७०० डॉलर कुठल्याही हिशोबात बसत नाहीत. वस्तू आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. एकूण ४००च्या वर जाऊ नका.

त्या सेटमध्ये व्हॅक्यूम ब्रेकर हवाच. फेरी संपली की वाफेचं पाणी होतं आणि रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते. ब्रेकरमधून हवा परत आत आली नाही, तर पुढच्या फेरीला अडवायला आत हवाच नसते आणि व्हॉल्व्ह बंद असूनही वाफ शिरते. 'बसवला पण काही फरक नाही' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे कव्हर. सेन्सर कव्हरच्या आत राहिला तर त्याला खोलीऐवजी रेडिएटरचंच तापमान कळतं. कव्हर ठेवायचं असेल तर तारेने लांब नेता येणारा रिमोट सेन्सर घ्या. मुठीवरचे १ ते ५ आकडे अंश दाखवत नाहीत. ३वर ठेवा, दोन दिवस थांबा, मग एकेक पाऊल हलवा.

या व्हॉल्व्हची मर्यादाही ध्यानात ठेवा. रेडिएटर एकदा वाफेने भरला की त्या फेरीत तो काही करू शकत नाही, पुढची फेरी सुरू होताना अडवतो. बॉयलर तासन्‌तास सलग चालत असेल किंवा वाफेचा दाब २ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर असेल तर त्याचा उपयोग कमीच. सुपरला दाब विचारा. दीडच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. आणि बॉयलरचा बिनतारी सेन्सर तुमच्याच घरात लावलेला आहे का तेही विचारा. असेल तर त्या खोलीत हा व्हॉल्व्ह बसवू नका, नाहीतर तुमची खोली गार राहील आणि बॉयलर सगळ्या इमारतीला भाजत बसेल.

(तुमच्या ओळखीत कुणाच्या रेडिएटरला दोन पाइप असतील तर हे तसंच्या तसं सांगू नका. तिथे व्हॉल्व्ह इनलेटलाच बसतो, पण दुसऱ्या टोकाचा स्टीम ट्रॅप आधी तपासावा लागतो. नादुरुस्त ट्रॅपमधून वाफ परतीच्या पाइपात जात असेल तर नवा व्हॉल्व्ह म्हणजे वाया घालवलेला पैसा.)

आता यातलं काय तुम्ही मुळात भरायचंच नाही, ते. न्यूयॉर्क शहराच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १०, बाहेर ५५च्या खाली असेल तर घरात किमान ६८ फॅरनहाइट मिळायला हवं. रात्री १० ते सकाळी ६, बाहेर काहीही असो, ६२. तुमच्या मुलीच्या खोलीत दुपारी ६३ म्हणजे नियमभंग आहे. आठवडाभर बाहेरचं आणि खोलीतलं तापमान वेळेसह लिहून ठेवा, हीटर बंद ठेवून. मग ते मॅनेजिंग एजंटला ईमेलने पाठवा आणि व्हेंट, उतार व तळघरातल्या मुख्य वाहिनीवरचे व्हेंट तपासायला सांगा. मुख्य वाहिनीतून हवा लवकर निघाली नाही तर लांबच्या राइझरला वाफ उशिरा पोचते, आणि कोपऱ्यातली खोली बहुधा अशाच राइझरवर असते. उत्तर आलं नाही तर ३११, म्हणजे शहराचा तक्रारीचा फोन, आहेच. तुम्ही शेअरधारक असल्यामुळे आधी बोर्डाशी बोलणं बरं, एवढंच. प्रोप्रायटरी लीज (को-ऑपशी झालेला तुमच्या घराचा करार) काढून रेडिएटर आणि व्हॉल्व्ह कुणाची जबाबदारी आहे तेही वाचा. ती इमारतीची असेल तर ३० डॉलरचा व्हेंटही तुम्ही घेऊ नये, आणि स्वतः बदलण्याआधी परवानगी लागेल.

बोर्डाला आणखी एक विचारा: लोकल लॉ ९७ साठी काय योजना आहे? २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना २०२४पासून कार्बनची मर्यादा आहे, २०३०पासून ती कडक होते, आणि मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड आहे. ७२ घरांची इमारत त्यात बहुधा येतेच. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या इमारतीला व्हॉल्व्ह आणि सेन्सर बसणार असतील, तर तुम्ही आज घातलेले २,८०० डॉलर म्हणजे त्याच कामाचे दोनदा पैसे.

मिनी-स्प्लिटचं गणित याहून वाईट. १४,००० डॉलर ११ टक्क्यांनी ५ वर्षं म्हणजे महिना सुमारे ३०४ डॉलर हप्ता आणि एकूण साधारण ४,२६० डॉलर व्याज. वर हीट पंपाची वीज तुमच्या बिलावर, आणि मेंटेनन्समधला वाफेचा वाटा तसाच चालू. उष्णता एक, पैसे दोन ठिकाणी. जॅक्सन हाइट्सचा मोठा भाग १९९३पासून ऐतिहासिक जिल्हा आहे. तुमची इमारत त्यात असेल तर बाहेर यंत्र टांगायला बोर्डासोबत लँडमार्क्स कमिशनचीही (ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या शहराच्या आयोगाची) परवानगी लागेल. कोटेशनमध्ये केंद्रीय करसवलतीचे २,००० डॉलर वजा दाखवले असतील तर तेही तपासा, ३१ डिसेंबर २०२५नंतर बसवलेल्या यंत्रांना ती मिळत नाही. मिनी-स्प्लिटच्या बाजूने एकच खरा मुद्दा आहे, उन्हाळ्यातला गारवा, आणि तो खिडकीतल्या एसीने फार कमी पैशांत भागतो.

मला या पत्रात रेडिएटरपेक्षा ९,००० हा आकडा जास्त खटकतो. ५,२००च्या खर्चाला तो पावणेदोन महिनेही पुरत नाही. एच-१बीवरची नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते, आणि त्या काळात मेंटेनन्स आणि गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही. तुम्हाला किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३१,२०० डॉलर बाजूला हवेत. जो ३०४चा हप्ता भरायला तुम्ही तयार होतात तो आजपासून जास्त व्याजाच्या बचत खात्यात वळवा. हीटरचे वाचतील तेही तिथेच टाका.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात तापमानाची नोंद आणि उतार, पुढच्या आठवड्यात एजंटला ईमेल, मग दोन व्हेंट, फार तर ८० डॉलर. दोन थंड आठवडे जाऊ द्या. आतल्या खोलीचा आकडा तरीही ७६च्या वर असेल तरच तो एक व्हॉल्व्ह. तोवर मुलीच्या खोलीतला हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनवर नाही, आणि पडद्यापासून निदान तीन फूट लांब.