भावाला बायपोलर आहे, वर्षभरापासून ठणठणीत आहे, डॉक्टर रेमिशन म्हणतात. गोळ्या बंद करता येतील का? आणि लग्नाआधी मुलीकडच्यांना सांगावं का?

सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण जिला सांगितलं नव्हतं ती मुलगी मीच आहे.

लग्नाच्या बोलणीत कोणी चकार शब्द काढला नाही. पाच महिन्यांनी कपाटात यांच्या स्वेटरखाली गोळ्यांची पाकिटं सापडली, विचारलं तं सासूबाई म्हणाल्या "टेन्शनच्या आहेत", आणि लिथियम कशासाठी देतात ते मी रात्री मोबाइलवर वाचलं, तेव्हा कळलं की बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अती उसळतं, कधी पार खचतं तो आजार. खूप रडले. पण माहेरी गेले नाही, माणूस खरंच चांगला होता, आजही आहे. तेव्हा शेवटचं बिघडून दोन वर्षं झाली होती, म्हणजे तुम्ही म्हणता तेच रेमिशन.

आमचे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, माझ्याशी सरळ बोलत नाहीत, सासूबाईंना सांगतात आणि मला ऐकू येईल असं सांगतात. "माय, तिले सांग, चांगल्या माणसाले कायले गोळ्या चारून राहिली?" रोज हेच. यांनाही वाटायचं आपण बरे झालो, हात थरथरतात, तहान तहान होते, वजन वाढलं, कशाला हव्यात. एप्रिलमध्ये एका दिवसात सगळ्या बंद केल्या. मी अडवलं नाही, म्हटलं भासरे मोठे आहेत, त्यांनी आजार पाहिलेला आहे.

मे चांगला गेला. मृगाच्या तोंडावर झोप तीन तासांवर आली आणि तरी थकवा नाही, पहाटे तीनला उठून वावरात, आणि मी वेडी खुश, की माणूस कामाला लागला म्हणून. आमचं चार एकर आहे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या बियाण्याची आठ-नऊ पाकिटं पुरतात. यांनी कृषी केंद्रातून उधारीवर ५२ आणली. समोरच्या खोलीत खिडकीपर्यंत थप्पी, आणि रात्री टॉर्च लावून मोठ्यानं मोजत बसलेले, मधेच चुकलं की पुन्हा एकपासून. ओठ फाटले होते, पाण्याचा गिलास पुढे केला तं हात झटकला, म्हणाले अख्ख्या गावाचं पेरून देतो. चौथ्या दिवशी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वादावरून भासऱ्यांच्याच अंगावर गेले. त्यांनी काय केलं? गुरांच्या कोठ्यात कोंडलं आणि भगत आणला. सहा दिवस गेले त्यात. मग माझ्या भावानं गाडी करून दवाखान्यात नेलं, २१ दिवस ॲडमिट होते. आणि घरात चर्चा काय, तं माझा पायगुण.

म्हणून सांगते, रेमिशन म्हणजे आजार गेला असं नाही. डॉक्टर लोक लक्षणांशिवाय दोन महिने गेले तरी पूर्ण रेमिशन म्हणतात, बस दोन महिने. डवरणी झाल्यावर वावर स्वच्छ दिसते पण कुंद्याच्या तणाची मुळी खाली असतेच न. भाऊ ठणठणीत आहे तो बहुतेक गोळ्यांमुळेच आहे. लिथियम तर एकदम तोडूच नका, तोडल्यावर काही आठवड्यांत मेनिया, म्हणजे मन बेभान तेजीत जाणं, उसळून येऊ शकतो, आमच्याकडे तेच झालं.

लिथियम असेल तं रक्तातली लेव्हल वेळोवेळी बघावी लागते, आमचे डॉक्टर ०.६ ते ०.८ मध्ये ठेवतात, आणि दर सहा महिन्यांनी थायरॉइड अन् किडनीची तपासणी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त जपा. ४५ डिग्रीत घाम, हगवण, उलट्या, कडक उपास, आणि गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारखी गोळी, यानं लेव्हल चढते आणि औषधच बाधतं. हात जास्त कापायला लागले, बोलणं जड झालं, चालताना तोल जायला लागला तं त्याच दिवशी दवाखाना.

आणि झोप बघा. मी आजही यांची झोप कॅलेंडरवर लिहिते, दोन रात्री कमी झाली की डॉक्टरांना फोन. हे पहारा ठेवल्यासारखं वाटायचं यांना, आता स्वतःच सकाळी सांगतात किती झोपलो. मुलीला माहीतच नसेल तं ती काय बघणार? मला माहीत असतं की झोप उडणं ही पहिली खूण, तं त्या ५२ पाकिटांच्या आधीच गाडी केली असती. भासरे अजून म्हणतात की सांगितलं असतं तं लग्नच झालं नसतं. झालं असतं. मला विचारायला तं पाहिजे होतं.

बाकी मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि एकदाच बिघडलं असेल तं काही जणांचा डोस डॉक्टर हळूहळू कमी करतातही, पण ते त्यांना ठरवू द्या, काका-मामांना नाही. जवळ कोणी नसेल तं टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फ्री आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

उद्या यांची लेव्हल आहे. रात्री आठच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून पहाटेची एसटी पकडायची आहे. काही विचारायचं असेल तं खाली लिहा, संध्याकाळी आल्यावर सांगते.