पैसा कुणाचा, हे आधी बघ

निधी जमवायचं काम नवीनच हाती घेतलंयस, म्हणून सांगतो. माझ्यासमोर पहिला मोठा चेक आला तो कामगारांचे पगार बुडवणाऱ्या माणसाचा. संस्थेचा वर्षभराचा खर्च निघाला असता. बदल्यात त्याला दारावर नावाची पाटी हवी होती. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, मग चेक परत केला.

देणारा बदल्यात काय नेतोय ते नीट बघ: पाटी, फोटो, व्यासपीठावरची खुर्ची. जेफ्री एपस्टीन हा अमेरिकन धनाढ्य २००८ मध्ये अल्पवयीन मुलीशी संबंधित लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरला, तरी पुढे एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाने त्याच्या देणग्या घेतल्या. तिथल्या मीडिया लॅब या संशोधन केंद्रात त्या निनावी दाखवायचं ठरलं. २०१९ मध्ये हे उघड झालं आणि लॅबच्या संचालकांना राजीनामा द्यावा लागला. अरे, नाव लपवावंसं वाटलं तिथेच उत्तर मिळालं होतं! व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या विकणाऱ्या कंपनीचे मालक असलेल्या सॅकलर कुटुंबाचं नावही पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने त्याच वर्षी भिंतीवरून उतरवलं.

पैसाच लुबाडलेला असेल तर तो ज्यांचा त्यांना परत जायला हवा. आपण घेतला तर त्यांच्याच ताटातलं उचललं. कमाई सरळ असेल, गुन्हा वेगळा असेल आणि शिक्षा भोगून झाली असेल, तर मी घेईन. पाटी नाही लावणार, हिशोबात मात्र नाव उघड लिहीन. यावर माझे काही सहकारी माझ्याशी भांडतात, आणि त्यांचंही मला पटतं.

नियम आत्ताच लिहून विश्वस्तांच्या सह्या घे. चेक टेबलावर आला की सगळ्यांनाच सबबी सुचतात.