बर्डीतलं पार्टचं दुकान, जिथे काका माल द्यायलाच नाही म्हणायचे

विचारलंय की तुमच्या शहरातलं बंद पडलेलं असं कोणतं दुकान, ज्याची अजूनही आठवण येते. मी नागपूरचा, पन्नाशीला आलोय, म्हणजे बंद पडलेली दुकानं मोजायला बसलो तर रात्र व्हायची. खाण्यापिण्याच्या दुकानांवर बाकीचे लिहितीलच, मी लिहितो बर्डीतल्या एका इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानाबद्दल.

बर्डी म्हणजे सीताबर्डी, पण एवढं पूर्ण नाव नागपुरात कोणी घेत नाही. मेन रोडवरून आत शिरलं की मोदी नंबर 1, 2, 3 अशा गल्ल्या आहेत (बाहेरचे लोक नाव ऐकून हसतात, पण ते फार जुनं आहे, आताच्या राजकारणाशी त्याचा काही संबंध नाही). त्यातल्याच एका गल्लीत जिन्याखाली हे दुकान. दुकान म्हणजे काय, एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील एवढीच जागा, मागे भिंतभर लहान लहान लाकडी खण, आणि खण संपले तिथून पुढे बिस्किटांचे डबे, होमिओपॅथीच्या बाटल्या, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या. कशावरही लेबल नाही. तुम्ही म्हणायचं "बीसी 547 द्या" की काकांचा हात न बघता बरोबर त्या डबीवर. मोजून चार ट्रान्झिस्टर, पेपरच्या तुकड्यात पुडी, वर दोरा नाही नुसती घडी. त्या पुड्या खिशात घेऊन मी सायकलनं महाल भागातल्या घरी जायचो तेव्हा दहा वेळा खिसा चाचपायचो.

1989 ची गोष्ट, मी आठवीत. कुठल्याशा मासिकात बघून टीबीए 810 नावाच्या आयसीचा, म्हणजे चिपचा, ॲम्प्लिफायर (आवाज मोठा करणारा बोर्ड) बनवायला घेतला. ज्यांनी त्या काळी हे उद्योग केले त्यांना ही आयसी माहीतच असेल, दोन्ही बाजूंनी पत्र्याचे पंख असलेली, त्या पंखांना हीट सिंक लावायची असते म्हणजे उष्णता बाहेर पडते. मी लावली नाही. पाच मिनिटं गाणं वाजलं, मग वास आला, मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी काकांकडे, "काका, अजून एक 810 द्या."

"पहिलीचं काय झालं?"

"जळली."

"काहून जळली?"

मला काय सांगता येणार. काकांनी आयसी दिलीच नाही. म्हणे, "बोर्ड घेऊन येजो, मंग देतो. आता नेशील अन् ही बी जाळशील, अन् तुझे बाबा मले शिव्या देतील." आता विचार करा, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं आहे आणि दुकानदार माल द्यायला नाही म्हणतोय. मी बोर्ड नेला तेव्हा त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा कातरीनं कापून, भोकं पाडून दिला, त्याचे पैसे नाही लावले.

टेपरेकॉर्डरच्या बेल्टचंही तसंच. अंदाजानं बेल्ट मागितला की परत पाठवायचे, "धाग्यानं माप घेऊन ये." पुलीभोवती धागा गुंडाळायचा, जिथे टोकं जुळतात तिथे गाठ मारायची आणि तो धागा घेऊन यायचं. काका तो पट्टीवर ताणून बघायचे आणि त्यापेक्षा जरासा लहान बेल्ट द्यायचे, कारण बेल्ट ताणलेला बसायला पाहिजे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते बाबांच्या टू-इन-वनचं. रेडिओ ठणठणीत, काका कोणताही रेडिओ हातात आला की आधी काटा डावीकडे नेऊन आकाशवाणी नागपूर लावून बघायचे, 585 वर, ते लागलं म्हणजे पेशंट जिवंत. कॅसेटचा आवाज मात्र उशी तोंडावर धरून गायल्यासारखा यायचा. काकांनी हेडवरून, म्हणजे टेप ज्याला घासून वाजते त्या भागावरून, स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा चॉकलेटी झाला, तरी फरक थोडाच. मग हेडच्या शेजारी एक बारका स्क्रू असतो खाली स्प्रिंग असलेला, तो घड्याळवाल्याच्या पेचकसानं केसभर इकडे केसभर तिकडे फिरवत राहिले, कॅसेट चालूच, कान स्पीकरला लावलेला. त्या स्क्रूनं हेडचा कल बदलतो, तो टेपला काटकोनात नसला की बारीक आवाज मरतात. "स ऐक, नुसता स ऐक" म्हणाले. आणि एका क्षणी खरंच स मोकळा झाला, बाईच्या आवाजाला धार आली. मग खणातून नेलपॉलिशची बाटली काढून स्क्रूवर लाल ठिपका दिला, म्हणजे हलणार नाही. मी बघतच राहिलो तर म्हणे, "काकूची आहे, सांगजो नको."

घर काही या कामांवर चालत नसावं म्हणा. मार्च लागला की दुकानात कूलरच्या पंपांचे खोके रचलेले दिसायचे, नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, 2013 च्या मे महिन्यात तर 47.9 डिग्री झालं होतं. वर्षाची कमाई त्या तीन महिन्यांतच होत असेल.

सगळे म्हणतात ऑनलाइननं अशी दुकानं खाल्ली. मला नाही पटत. ऑनलाइन यायच्या आधीच तो धंदा मेला होता, कॅसेट गेली, डबा टीव्ही गेला, आतले पार्ट तांदळाच्या कणीएवढे झाले, आणि बिघडलं की कंपनीचा माणूस अख्खा बोर्डच बदलतो. जिथे कोणी काही उघडतच नाही तिथे पार्ट कोणाला विकणार. आणि मी तरी कुठे गेलो? पगार सुरू झाल्यावर मीच एका मोठ्या एसी शोरूममधून हप्त्यावर डीव्हीडी प्लेअर घेतला, टाय लावलेल्या पोरानं जास्तीची वॉरंटीही गळ्यात मारली. दोन वर्षांनी ती वॉरंटी घेऊन गेलो तर शोरूमच्या जागी जीन्सचं दुकान! काकांचं जिन्याखालचं दुकान तेव्हा चालूच होतं. नंतर कधीतरी तिकडून गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती, कधी बंद झालं तेसुद्धा मला कळलं नाही.

मागच्या दिवाळीत सफाईत ते टू-इन-वन माळ्यावरून निघालं. उघडलं, लाल ठिपका जिथल्या तिथे. बेल्ट मात्र वितळून डांबर झालेला, बोटं दोन दिवस काळी. मेट्रोनं बर्डीला गेलो, चार दुकानं फिरलो, एक पोट्टा म्हणाला "काका, ब्लूटूथवाला घेऊन टाका ना". ऑनलाइन मिक्स साइजचं पाकीट मागवलं, त्यातला एकही बसला नाही. चूक माझीच, माप न घेता मागवलं. आता घेतलंय. गाठ मारलेला धागा सरळ केला की 16 सेंटीमीटर भरतो, बेल्ट चौकोनी पाहिजे, चपटा नाही. नागपुरात कोणाकडे मिळत असेल तर खाली सांगा बावा, धागा घेऊनच येतो.