कपाटाचे नंतर बघू, आधी ती 'ठेव' परत करा

नाशिकहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय 60 असून ते नुकतेच एका खासगी कंपनीतून निवृत्त झाले आहेत. आईच्या मागे राहिलेली तांब्या-पितळेची भांडी दिवाणखान्यात मांडून ठेवण्यासाठी त्यांना काचेच्या दारांचे जुने कपाट घ्यायचे आहे आणि त्यांनी दोन कपाटे पाहूनही ठेवली आहेत. एक मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर आहे. 'शंभर वर्षांहून जुने, अस्सल बर्मा टीक', किंमत 1,85,000 रुपये. दुसरे जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात आहे. साधारण 1950 च्या सुमाराचे साधे सागवानी शोकेस, किंमत 45,000 रुपये. अशा वस्तूंची किंमत वर्षाला 12 ते 15 टक्क्यांनी वाढते, असे पहिल्या दुकानदाराने सांगितले आहे. मुलगा न्यू जर्सीला असतो आणि पुढेमागे तो कपाट तिकडे नेईल, असा त्यांचा विचार आहे. गुंतवणूक म्हणून दोहोंपैकी कोणते घ्यावे, हा त्यांचा प्रश्न.

पैसे कोठून येणार, हे मात्र त्यांनी पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितले आहे : 'निवृत्तीचे 58 लाख मिळाले. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने सात वर्षे दर वर्षी 6 लाख भरण्याची एक ठेव करून दिली असून पंधराव्या वर्षी 78 लाख करमुक्त मिळतील. ठेवीचे पुस्तक 18 दिवसांपूर्वी कुरिअरने आले. पुढची काळजी मिटल्यामुळे आता थोडी हौस करावी म्हणतो.' घरखर्च महिना 42,000 रुपये, पेन्शन साडेपाच हजार आणि एका गाळ्याचे भाडे 15,000.

सात वर्षे हप्ते भरायचे, पंधराव्या वर्षी पैसे घ्यायचे आणि जिचे पुस्तक कुरिअरने घरी येते, अशी ठेव कोणतीही बँक ठेवत नाही. तुम्हाला विकलेली वस्तू ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे, आणि तुमच्या पत्रातला एकच आकडा आज महत्त्वाचा आहे, तो म्हणजे 18 दिवस. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लुक कालावधी म्हणतात. त्या काळात परत केल्यास तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी सर्व रक्कम परत मिळते. हे 30 दिवस कुरिअरपासून मोजायचे की ई-मेलपासून, हे तपासा, कारण दस्तऐवज ई-मेलने आधी आला असेल तर मुदत त्या दिवसापासून सुरू होते आणि तुमच्या हातात वाटतात तितके दिवस उरलेले नसतील. म्हणूनच हे उत्तर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता, तुमचे पत्र मला मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला वेगळे कळवले होते.

अर्ज बँकेत देऊ नका, थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. सोबत कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेलही करा. 'पॉलिसीच्या अटी मला मान्य नाहीत, ही बँकेची ठेव असल्याचे सांगण्यात आले होते' एवढे कारण पुरेसे आहे. रिलेशनशिप मॅनेजरला आधी सांगायला गेलात तर तो चहा पाजेल, 'वरिष्ठांशी बोलून दोन दिवसांत कळवतो' म्हणेल आणि ते दोन दिवस मुदत संपल्यावर उजाडतील. हे मी अनेकदा पाहिले आहे. दस्तऐवजासोबत तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत असते, तीही वाचा. तुमचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न तिथे काय लिहिले आहे, ते पाहून तुम्हाला बहुधा आश्चर्य वाटेल. विमा कंपनीकडून येणाऱ्या पडताळणीच्या फोनवर 'सगळ्याला हो म्हणा' असे सांगितले गेले असेल आणि तुम्ही हो म्हटले असेल, तरीही फ्री-लुकचा हक्क जात नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' या पोर्टलवर तक्रार करता येते आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यातही आहे.

आता ही पॉलिसी तुम्हाला काय देणार होती, ते पाहू. भरायचे 42 लाख आणि मिळायचे 78 लाख. हप्ते सात वर्षांत विभागलेले असल्याने प्रत्येक रुपया सरासरी बारा वर्षे अडकतो आणि त्यावर वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास परतावा पडतो. 'करमुक्त' हा शब्दही खरा नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता 5 लाखांहून अधिक असेल तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही. तुमचा हप्ता 6 लाख आहे. वरचे 36 लाख एकाच वर्षी उत्पन्नात धरले गेले तर आजच्या दरांनी सात ते आठ लाख कर जाईल आणि परतावा सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर येईल. याच बँकेची ज्येष्ठ नागरिकांसाठीची साधी मुदत ठेव याहून जास्त देते, परंतु त्या ठेवीवर कुणाला कमिशन मिळत नाही.

परतावा कमी असणे हे तुमचे खरे दुखणे नाही. तुमच्या घराला महिन्याला साडेएकवीस हजार, म्हणजे वर्षाला सुमारे 2.6 लाख कमी पडतात. पहिला हप्ता गेल्यावर 52 लाख उरले. त्यावर सहा टक्के व्याज धरले, महागाईही सहा टक्के आणि भाड्यात पाच टक्के वाढ धरली, तर सहा हप्ते आणि घरखर्चाची तूट भागवत तुम्ही 66 व्या वर्षी जेमतेम 10 लाखांवर येता आणि 69 व्या वर्षी शिल्लक शून्य होते. ते 78 लाख मिळणार 75 व्या वर्षी. मधली सहा वर्षे पैसे तुमच्याच नावावर असतील, पण किराणा आणायला ते उपयोगी पडणार नाहीत. मधेच हप्ते थांबवले किंवा पॉलिसी सोडून दिली, तर भरलेल्या रकमेतला काही भाग कंपनीकडे राहतो. साठीच्या माणसाला, ज्याचे नियमित उत्पन्न खर्चाच्या निम्मेच आहे, सात वर्षांचा सहा लाखांचा हप्ता विकणाऱ्याने हा हिशेब एकदाही मांडला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याने तो तुमच्यासमोर मांडला नाही, एवढेच.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. हे लिहिताना तिचा दर 8.2 टक्के आहे, म्हणजे दर तिमाहीस 61,500 रुपये, महिन्याचे साडेवीस हजार. तुमची आजची तूट जवळजवळ तेवढीच आहे. उरलेल्यातले दहाएक लाख आजारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी साध्या ठेवीत असू द्यावेत. बाकीची रक्कम वाढत्या खर्चाला तोंड देण्यासाठी लागेल आणि तिचा काही भाग इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, टप्प्याटप्प्याने घालता येईल. त्याविषयी पैसे परत आल्यावर सविस्तर लिहा, घाई नाही.

राहिला कपाटाचा प्रश्न. मटन स्ट्रीटवरच्या दुकानदाराला एकच विचारा : 'हेच कपाट आज मी तुम्हाला विकायला आणले, तर किती द्याल? कागदावर लिहून द्या.' समजा, तो निम्मे देतो. वाहतूक आणि पॉलिश धरून तुमचा खर्च 2.05 लाख झालेला असेल आणि हाती येतील 92 हजार. त्याने सांगितलेल्या 12 टक्क्यांनी किंमत खरोखरच वाढली, तरी नुसती मुद्दल भरून निघायला सात वर्षे लागतील. दर वर्षी भाव जाहीर होईल असा जुन्या फर्निचरचा बाजारच नसल्याने हे 12 टक्के कशावरून मोजले, हे त्यालाही सांगता येणार नाही.

वयाचीही खात्री करून घ्या. जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघालेल्या तुळया आणि चौकटींपासून नवी कपाटे बनतात. लाकूड खरोखर जुने असते, कपाट मात्र गेल्या दिवाळीचे. मागची फळी आणि खणांचे तळ पाहा. तिथे प्लायवुड असेल, किंवा मूळ बिजागऱ्यांना प्लसच्या खाचेचे स्क्रू असतील, तर शंभर वर्षांचा दावा सोडून द्यावा, कारण असे स्क्रू 1930 च्या दशकात आले. हाताने रंधलेल्या फळीवर बोट फिरवले की हलके चढउतार लागतात आणि जुन्या काचेतून पलीकडचे किंचित हलल्यासारखे दिसते. बारीक छिद्रांखाली ताजा भुसा पडलेला दिसला, तर कीड अजून जिवंत आहे.

आणि समजा, दावा खरा निघाला. कारागिरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे कपाट न्यू जर्सीला जाऊ शकत असेल तर ते दुकानदार म्हणतो तितके जुने नाही, आणि तितके जुने असेल तर ते नाशिकलाच राहील.

ओशिवऱ्याचे शोकेस घ्या, पण गुंतवणूक म्हणून नको. 45,000 रुपये खर्च झाले असे धरून, आईची भांडी डोळ्यांसमोर राहावीत म्हणून घ्या. पितळ जड असते, तेव्हा काचेच्या फळ्यांऐवजी लाकडी फळ्या करून घ्याव्या लागतील. हजार-दोन हजार जास्त जातील. दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी तुमच्या इमारतीच्या लिफ्टचे आणि जिन्याच्या वळणाचे माप घ्या, आणि विमा कंपनीची रक्कम खात्यात जमा होईपर्यंत त्याला विसारही देऊ नका.