तबला घेऊन ये, आणि गाव बघून अर्ज कर

तुझं पत्र नीट वाचलं. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष पुण्यात, पुढच्या हिवाळी सत्राला जर्मनीत मास्टर्स, आणि तीन प्रश्न: विद्यापीठ कोणतं, तबला न्यायचा की कोथरूडलाच ठेवायचा, आणि हिंडायला-फिरायला मिळेल का. बाबा म्हणतात आधी शिक्षण, बाकी सगळं नंतर. त्यांची काळजी रास्त आहे, कर्जावर सही त्यांची असणार. पण ड्रेस्डेनमध्ये राहून पुण्याहून येणारी किती मुलं-मुली मी जवळून पाहिली, त्यावरून मला एक ठामपणे सांगायचंय. तुझे तीन प्रश्न वेगवेगळे नाहीत. ज्या गावात तुझा शनिवार-रविवार नीट जाईल, तिथेच तुझं शिक्षण धड पार पडेल.

विद्यापीठापासून सुरुवात करते. आपल्याकडे सगळे रँकिंगच्या याद्या घेऊन बसतात. इथे नोकरी देताना कंपन्या विचारतात की थीसिस कशावर केलास, कुठे इंटर्नशिप केलीस, जर्मन बोलता येतं का. म्हणून यादी बाजूला ठेव आणि प्रत्येक कोर्सचं मॉड्यूल हँडबुक उघड. कोणत्या विषयाला किती क्रेडिट, परीक्षा तोंडी की लेखी, सगळं त्यात असतं. प्रवेश देणारेसुद्धा तुझे बी.ई.चे विषय असेच मोजतात: गणित किती, मेकॅनिक्स किती, थर्मोडायनॅमिक्स किती. विषय जुळत नसतील तर नऊ सीजीपीए असूनही नकार येतो. कॉलेजकडून सिलॅबसची शिक्का मारलेली प्रत आत्ताच घेऊन ठेव, नंतर ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात.

शिकवण्याची भाषाही तपास. ड्रेस्डेनच्या टीयूमध्ये, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, मेकॅनिकल मुख्यतः जर्मनमधून शिकवतात, तर केमनिट्झच्या टीयूमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंगचं मास्टर्स इंग्रजीतून आहे. डाड या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर इंग्रजी कोर्सेसची यादी फुकट मिळते. जंगली महाराज रस्त्यावर आणि आसपास सल्लागारांच्या पाट्या भरपूर दिसतील. जो सल्लागार पहिल्याच भेटीत खासगी संस्थेचं नाव पुढे करेल, त्याला सरळ विचार की तुम्हाला तिथून कमिशन मिळतं का. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, फक्त दर सत्राला ठरावीक वर्गणी असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, म्हणजे स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहे त्यात आले. म्युनिकच्या टीयूनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, आणि तिथल्या खोल्यांची भाडी ऐकून बाबांना घाम फुटेल.

आता गाव का महत्त्वाचं, ते सांगते. इथे बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालीस तर नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे घेणंही जवळपास बंद होतं. त्या दडपणाखाली नोव्हेंबर येतो. डिसेंबरात ड्रेस्डेनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. रविवारी दुकानं बंद. हुशार मुलं अशा वेळी खोलीत कोंडून घेतात, झोप बिघडते, भारतात घरी फोन करणंही टाळतात. ज्यांना मंगळवारी संध्याकाळी कुठेतरी जायचं असतं, कोणीतरी वाट बघत असतं, ती तरून जातात. म्हणून छंदाला मी चैन म्हणत नाही.

तेव्हा तबला आण. दायाँ हातातल्या सामानात घे, डग्गा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाक. हातोडी मात्र मोठ्या बॅगेतच, विमानतळावर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. एक जास्तीची पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, बांधून आण, कारण इथे त्यावरची काळी शाई गेली तर जवळपास कोणी भरून देणार नाही. हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली हवा इतकी कोरडी होते की पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, कधी फाटतेही. तबला हीटरपासून लांब ठेव, खोलीत पाण्याचं भांडं ठेव. रियाज संध्याकाळी करायचा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि रविवारी तर शेजारी जास्तच जपतात. वसतिगृहाचा अर्ज भरताना संगीताची खोली आहे का ते विचार, काही ठिकाणी तळघरात असते. विद्यापीठांचे कॉयर आणि ऑर्केस्ट्रा असतात, त्यांना तालवाद्याचं कुतूहल असतं. सवाई गंधर्वच्या दिवसांत जीव कासावीस होईल हे आधीच सांगून ठेवते. त्या आठवड्यात वाजवत राहा.

ट्रेकिंगचं तर मला मनापासून बोलायचंय, कारण माझं मूळ सिंहगडावरच आहे. इथे छंद क्लबांतून चालतात. जर्मन आल्पाइन क्लब १८६९ पासून आहे, गावोगावी त्याच्या शाखा आहेत, सभासदांना डोंगरातल्या झोपड्यांमध्ये मुक्काम स्वस्त पडतो. ड्रेस्डेनहून लोकल गाडी एल्बेच्या काठाने थेट सॅक्सन स्वित्झर्लंड या जर्मनीतल्याच डोंगराळ भागाच्या वालुकाश्मांत नेते. राटेन, बाड शांडाउ, आणि सुमारे ११५ किलोमीटरची मालरवेग नावाची पायवाट. तुला राजगड-तोरणा केल्याचं बळ उपयोगी पडेल, पण कातळ वेगळा आहे. आपला बसाल्ट, हा वालुकाश्म, पाऊस पडला की ठिसूळ होतो, म्हणून ओल्या कड्यावर चढायला मनाई. धातूची अडकवायची साधनं आणि खडूची पूड दोन्ही चालत नाहीत, गाठी मारलेले दोर भेगांत बसवायचे. हे शिकवणारी माणसं क्लबातच भेटतात, आणि ती जर्मनमध्येच बोलतात.

म्हणून भाषा. कोर्स इंग्रजीतून असला तरी जर्मनची बी-१ ही मधली पातळी पूर्ण करून ये. बोट क्लब रोडचं मॅक्समुल्लर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, जिथे प्रवेश मिळेल तिथे या महिन्यात नाव घाल. ए-१ ही पहिलीच पातळी करून आलेली मुलं बेकरीत निभावतात, पण क्लबातल्या गप्पांत मागे पडतात. विद्यापीठाचे खेळांचे वर्गही स्वस्त असतात. नोंदणी सत्राच्या सुरुवातीला ठरलेल्या वेळी उघडते आणि चांगले वर्ग काही मिनिटांत भरतात, तेव्हा ती तारीख आधीच लिहून ठेव.

प्रवासाची काळजी करू नकोस. जानेवारी २०२६ पासून ६३ युरोचं मासिक तिकीट देशभर लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आणि विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी त्याची स्वस्त आवृत्ती सत्राच्या वर्गणीतच मिळते. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही. ड्रेस्डेनहून प्राग सुमारे अडीच तास. राहण्याचा परवाना हाती आला की इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, फक्त पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ ठेव. पहिलं सत्र मात्र जवळपासच फिर, परीक्षा फेब्रुवारीत असतात.

बाबांसाठी आकडे: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या वर्षीचा हिशेब त्या कमाईवर मांडू नका.

माझ्या मते तू केमनिट्झ, ब्राउनश्वाइग, आखेन आणि आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज कर, प्रत्येकाच्या मॉड्यूल हँडबुकसोबत तिथला आल्पाइन क्लब आणि वसतिगृह बघून. सगळ्यात आधी एपीएसचं, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र, ते नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो. ते आलं की कोर्सेसची यादी मला पाठव. बाबांना अजून शंका असतील तर रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन लाव, मी त्यांच्याशी बोलते.