"ताई, मी तिथे कुणालाच नको आहे"

पुण्याची एक मुलगी जपानमधल्या एका छोट्या गावात 'एएलटी', म्हणजे इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माध्यमिक शाळेतले मुख्य शिक्षक व्याकरण जपानीतून शिकवतात. ही फळ्याशेजारी उभी. खूण झाली की उतारा वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा. आता तेही डिजिटल पाठ्यपुस्तक करतं. स्टाफरूममध्ये तिच्याशी कामाचं कुणी बोलत नाही. झोप उडाली होती, आणि कारण तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं: मी भारतीय, माझं इंग्रजी यांना अस्सल वाटत नाही.

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी करार कोणता आहे ते विचारते. परदेशी तरुणांना जपानच्या शाळांत आणणाऱ्या, १९८७ पासूनच्या सरकारी 'जेट' योजनेत साहाय्यक शिक्षक बहुतेक वेळा स्थानिक शिक्षण मंडळाचे कर्मचारी असतात. खासगी कंपन्यांमार्फत गेलेल्यांचं तसं नसतं. कंपनीने सगळं काम कंत्राटावर घेतलं असेल, तर शाळेतल्या शिक्षकाने साहाय्यकाला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही. सूचना कंपनीकडून यायला हवी. हिचा करार नेमका तसाच निघाला. जो अबोला ती स्वतःबद्दलचं मत समजत होती, त्यातला बराचसा कागदावरचा नियम होता.

तेवढ्याने मन हलकं होत नाही, आणि व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी तिला विचारलं, "आठवड्यातले सगळे दिवस असेच जातात?" तेव्हा कळलं, एक दिवस ती प्राथमिक शाळेत जाते. तिथे २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे. वर्गशिक्षक सगळेच विषय शिकवतात, त्यातल्या अनेकांना इंग्रजी बोलायचा धीर होत नाही. ते खेळ, गाणी, संवाद हिच्यावर सोपवतात. ती हे सांगताना पहिल्यांदा भरभर बोलली. माणूस तोच, उच्चार तेच. मग माध्यमिक शाळेत वेगळं काय आहे? तिथे नववीनंतरची प्रवेश परीक्षा आहे, आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या खेळ-संगीताच्या क्लबमध्ये संध्याकाळपर्यंत अडकलेला शिक्षक आहे. हे तिने स्वतः मांडलं, म्हणून तिला पटलं.

रंग आणि पासपोर्ट बघून इंग्रजी जोखणारी माणसं जपानमध्येही आहेत. एका मुलाने तिला तसं तोंडावर विचारलंही होतं. ते दुखणं मी "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून झटकलं नाही. त्यावर आम्ही वेगळं, पुष्कळ बोललो.

मग तिने कंपनीच्या समन्वयकाला लिहून मागितलं की प्रत्येक तासाआधी तिचा भाग ठरलेला असावा. ते अर्धवटच झालं. दुपारचं जेवण मात्र ती आता मुलांबरोबर वर्गात घेते, साफसफाईच्या वेळी त्यांच्यासोबत फडकं हातात घेते. मुलं तिथे मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात. एप्रिलपासूनच्या नव्या करारावर सही करायची की नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही, आणि मी घाई करत नाही.

तुमचीही झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, तर करार संपायची वाट पाहू नका. जपानमध्ये १९७३ पासून 'टेल' ही संस्था इंग्रजीतून फोनवर आधार देते. घरच्यांनाही सांगा. "परत ये" म्हणतील या भीतीने बरेच जण गप्प राहतात. "आत्ता सल्ला नको, फक्त ऐका," असं आधीच सांगून बोललात तर आईवडील बहुधा ऐकतात.